दंतोपचार आणि हृदयांतःस्तरशोथ-प्रतिबंध

दात काढताना किंवा हिरड्यांवर उपचार करताना तोंडातील जिवाणू रक्तात शिरतात. हृदयात आधीपासून दोष असलेल्या व्यक्तींमध्ये हे जिवाणू हृदयाच्या झडपांवर रुजून गंभीर आजार उत्पन्न करू शकतात. या आजाराला हृदयांतःस्तरशोथ म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात तो इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस या नावाने ओळखला जातो. तो टाळण्यासाठी दंतोपचारांपूर्वी व एरवी योजल्या जाणाऱ्या उपायांना हृदयांतःस्तरशोथ-प्रतिबंध असे म्हणतात. उपचारापूर्वी प्रतिजैविकाची एकच मोठी मात्रा देणे हा त्यातील सर्वांत परिचित उपाय होय. परंतु तो एकमेव नाही, आणि बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तो सर्वांत महत्त्वाचाही नाही. महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) या प्रामुख्याने ग्रामीण जिल्ह्यासारख्या भागात या प्रतिबंधाचे स्वरूप मोठ्या शहरांपेक्षा काहीसे वेगळे ठरते. तेथील संदर्भ लेखाच्या उत्तरार्धात दिला आहे.

रोगाचे स्वरूप

हृदयाचे कप्पे आणि त्यांमधील झडपा आतून एका पातळ व गुळगुळीत पटलाने आच्छादलेल्या असतात. या पटलास हृदयांतःस्तर असे नाव आहे. पटल अखंड असेल तर रक्तासोबत वाहणारे जिवाणू त्याला सहसा चिकटत नाहीत. झडप अरुंद झालेली वा गळकी असेल, हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात जन्मतः छिद्र असेल किंवा कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर रक्ताचा प्रवाह त्या ठिकाणी वेगाने आदळतो अथवा खळाळतो. पटलाला इजा होते आणि इजेच्या जागी प्लेटलेट व फायब्रिन यांचा सूक्ष्म थर जमतो. रक्तात आलेले जिवाणू या थराला चिकटतात, तेथे वाढतात आणि त्यांच्यावर पुन्हा नवा थर साचतो. अशा रीतीने तयार झालेल्या पुंजक्यांत शरीराच्या संरक्षक पेशी पोहोचू शकत नाहीत. प्रतिजैविकेही आतपर्यंत कष्टाने पोहोचतात. म्हणूनच या आजारावर शिरेतून साधारणपणे चार ते सहा आठवडे औषध द्यावे लागते आणि काही रुग्णांमध्ये झडप बदलण्याची शस्त्रक्रियाही करावी लागते. आधुनिक उपचार उपलब्ध असतानाही रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे १५ ते २० टक्के रुग्ण दगावतात. पेनिसिलिनचा वापर सुरू होण्यापूर्वी हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरत असे.

आजाराची सुरुवात अनेकदा फसवी असते. आठवडेच्या आठवडे राहणारा बारीक ताप, रात्री येणारा घाम, भूक मंदावणे, वजन घटणे आणि दम लागणे ही त्याची लक्षणे होत. ग्रामीण भागात असा ताप हिवताप किंवा विषमज्वर समजून उपचार सुरू होण्याचा संभव असतो. रक्ताचा नमुना संवर्धन-तपासणीसाठी घेण्यापूर्वीच प्रतिजैविक दिले गेले, तर तपासणीत जिवाणू सापडत नाहीत आणि निदान अवघड होते. पुंजक्याचा तुकडा सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकल्यास पक्षाघात होतो. काही वेळा हृदयाच्या आजाराचे पहिले ठळक चिन्ह पक्षाघात हेच असते. ज्ञात हृदयदोष असलेल्या व्यक्तीचा ताप कारणाविना आठवड्याहून अधिक टिकला, तर आधी रक्तसंवर्धन आणि मग प्रतिजैविक हा क्रम पाळणे आवश्यक मानले जाते.

तोंडातील जिवाणू आणि रक्तप्रवाह

दातांवर साचणाऱ्या चिकट थरात शेकडो प्रकारचे जिवाणू वास करतात. त्यांपैकी व्हिरिडन्स गटातील स्ट्रेप्टोकॉकस हे हृदयांतःस्तरशोथाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. हिरडी व दात यांच्या सांध्यावरील अस्तर अत्यंत पातळ असते. हिरड्या सुजलेल्या असतील तर ते अस्तर जागोजागी फाटते आणि जिवाणूंना रक्तवाहिन्यांचा मार्ग मोकळा होतो.

दात काढल्यानंतर रक्तात जिवाणू सापडतात, हे लंडनमधील ओकेल आणि एलियट यांनी १९३५ साली दाखवून दिले. त्यांनी तपासलेल्या १३८ रुग्णांपैकी ६१ टक्के रुग्णांच्या रक्तात दात काढल्यावर स्ट्रेप्टोकॉकस आढळले. हिरड्यांचा आजार जितका तीव्र, तितके हे प्रमाण अधिक होते. पुढे २००८ साली अमेरिकेत लॉकहार्ट व सहकाऱ्यांनी २९० व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात दात काढणाऱ्यांपैकी ६० टक्के व्यक्तींच्या रक्तात हृदयांतःस्तरशोथाशी संबंधित जिवाणू आढळले. आधी अमॉक्सिसिलिन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होते. या अभ्यासातील तिसरा आकडा अधिक विचार करायला लावणारा आहे. केवळ ब्रशने दात घासणाऱ्यांपैकी २३ टक्के व्यक्तींच्या रक्तातही असे जिवाणू आढळले. दात काढण्याचा प्रसंग आयुष्यात मोजक्या वेळा येतो, तर दात घासणे व अन्न चावणे रोजचे असते. ज्याच्या हिरड्या सुजलेल्या आहेत, त्याच्या रक्तात वर्षभरात दंतवैद्याच्या खुर्चीपेक्षा घरच्या मोरीवरच अधिक वेळा जिवाणू शिरतात. अर्थात, यावरून दात घासू नयेत असा निष्कर्ष निघत नाही. न घासल्यास हिरड्यांची सूज वाढते आणि धोकाही वाढतो.

इतिहास

विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांत या आजाराचे सविस्तर वर्णन केले. १९०९ मध्ये टॉमस होर्डर यांनी त्यातील जिवाणूंचे उगमस्थान तोंड असू शकते, याकडे लक्ष वेधले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तोंडातील लपलेला संसर्ग हेच अनेक रोगांचे मूळ, असा एक सिद्धांत पाश्चात्त्य देशांत बोकाळला होता आणि त्यापायी असंख्य निरोगी दात विनाकारण उपटले गेले. तो सिद्धांत पुढे मागे पडला. हृदय आणि दात यांचा संबंध मात्र सिद्ध झाला.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ साली पहिली प्रतिबंधविषयक शिफारस प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकातच संधिवाताचा ताप आणि हृदयांतःस्तरशोथ यांचा एकत्र उल्लेख होता, कारण त्या काळी अमेरिकेतही झडपा खराब होण्याचे प्रमुख कारण संधिवाताचा तापच होता. त्यानंतर या शिफारशी वेळोवेळी बदलत गेल्या. अनेक दिवस चालणाऱ्या इंजेक्शनांची जागा तोंडाने घ्यायच्या औषधाने घेतली. १९९७ साली अमॉक्सिसिलिनची मात्रा ३ ग्रॅमवरून २ ग्रॅमवर आणली गेली आणि उपचारानंतरची दुसरी मात्रा रद्द झाली. सर्वांत मोठा बदल २००७ साली झाला. तोपर्यंत जवळजवळ प्रत्येक झडपदोषासाठी प्रतिजैविक दिले जात असे. नव्या शिफारशीत ते केवळ सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांपुरते मर्यादित करण्यात आले. रोजच्या जिवाणू-प्रवेशाच्या तुलनेत एका दंतोपचाराचा वाटा अल्प आहे आणि प्रतिजैविकांच्या अतिवापरातून जिवाणूंमध्ये प्रतिकारक्षमता वाढते, ही त्यामागील कारणे होती.

इंग्लंडमध्ये नाईस या संस्थेने २००८ साली आणखी पुढे जाऊन कोणालाच प्रतिजैविक देऊ नये, असे सांगितले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्यानंतरच्या काळात तेथे या आजाराचे प्रमाण अपेक्षेपेक्षा वाढले. मार्च २०१३ पर्यंत ही वाढ दरमहा सुमारे ३५ रुग्णांइतकी होती. ही वाढ प्रतिजैविक थांबवल्यामुळेच झाली, हे त्या अभ्यासातून सिद्ध होत नव्हते. तरीही २०१६ साली नाईसने आपल्या वाक्यात 'नेहमीच्या व्यवहारात' अशा अर्थाचा शब्द घालून डॉक्टरांना सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांसाठी अपवाद करण्याची मोकळीक दिली. एका शब्दाच्या भरीने धोरण बदलल्याचे वैद्यकाच्या इतिहासातील हे लक्षणीय उदाहरण होय.

प्रतिजैविकाचा उपयोग निर्विवादपणे दाखवणारी यादृच्छिक तुलनात्मक चाचणी आजवर झालेली नाही. आजार विरळ असल्याने अशी चाचणी घेण्यासाठी प्रचंड संख्येने रुग्ण लागतील. अमेरिकेतील सुमारे ८० लाख विमाधारकांच्या नोंदींवर आधारित २०२२ सालच्या अभ्यासात सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांमध्ये दात काढणे व मुखशस्त्रक्रिया यांचा हृदयांतःस्तरशोथाशी संबंध दिसून आला. प्रतिजैविक घेतलेल्यांत हा धोका कमी असल्याचेही त्यात आढळले.

कोणाला औषध द्यावे

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २००७ व २०२१ च्या शिफारशी आणि युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२३ च्या शिफारशी यांत सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांविषयी बरेचसे एकमत आहे. कृत्रिम झडप बसवलेले किंवा झडपेच्या दुरुस्तीसाठी कृत्रिम साहित्य वापरलेले रुग्ण यात प्रथम येतात. झडप धातूची असो, प्राणिज ऊतींपासून बनवलेली असो किंवा छाती न उघडता नलिकेद्वारे बसवलेली असो, नियम एकच आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत विकसित झालेली व १९९० साली प्रथम मानवी हृदयात बसवलेली चित्रा झडप भारतातील अनेक रुग्णांच्या हृदयात आहे. त्या रुग्णांनाही हा नियम लागू होतो. ज्यांना पूर्वी एकदा हृदयांतःस्तरशोथ होऊन गेला आहे, तेही या गटात मोडतात, कारण तो पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो.

जन्मजात हृदयदोषांपैकी ओठ-नखे निळसर पडणारे व शस्त्रक्रिया न झालेले दोष या यादीत आहेत. कृत्रिम साहित्य वापरून दोष पूर्णपणे दुरुस्त झाला असेल, तर शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा महिने काळजी घ्यावी लागते. त्या अवधीत साहित्यावर शरीराचे स्वतःचे अस्तर तयार होते. दुरुस्तीच्या जागेलगत गळती उरली असेल तर मात्र धोका कायम राहतो.

उपचारांच्या बाबतीतही भेद केला जातो. हिरडीच्या ऊतींना किंवा दाताच्या मुळाच्या टोकाला हात लागणारे, अथवा तोंडातील अस्तर छेदणारे उपचार धोक्याचे समजले जातात. दात व दाढा काढणे, दातांवरील कीटण खरवडणे, हिरड्यांची शस्त्रक्रिया, मुळाच्या टोकापलीकडे जाणारा रूट कॅनॉल उपचार ही त्याची उदाहरणे होत. संसर्ग नसलेल्या भागात दिलेले बधिरतेचे इंजेक्शन, क्ष-किरण चित्र, कवळी बसवणे, दात सरळ करणाऱ्या तारांमध्ये फेरबदल, मुलांचे दुधाचे दात आपोआप पडणे किंवा पडल्यामुळे ओठ फुटून रक्त येणे, यांसाठी प्रतिजैविकाची गरज नसते.

संधिवातजन्य हृदयविकाराचा प्रश्न

लहानपणी घशाला झालेल्या स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. सांधे काही दिवसांत बरे होतात, झडपांना झालेली इजा मात्र राहते. दाटीची वस्ती, गरिबी आणि घसादुखीवर वेळेवर उपचार न होणे यांच्याशी या आजाराचा निकट संबंध आहे. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ हद्दपार झाला असला, तरी भारतात तरुण वयात झडप निकामी होण्याचे ते आजही एक प्रमुख कारण आहे.

ज्यांच्या स्वतःच्या झडपा संधिवाताच्या तापाने खराब झाल्या आहेत परंतु ज्यांची शस्त्रक्रिया झालेली नाही, असे रुग्ण अमेरिकेच्या २००७ नंतरच्या यादीत नाहीत. १९५५ च्या शिफारशीच्या केंद्रस्थानी जे रुग्ण होते, तेच अर्धशतकानंतर यादीबाहेर गेले. याचे एक कारण असे की तोवर त्या देशांत असे रुग्ण फारसे उरलेच नव्हते. जेथे ते उरले आहेत, तेथील भूमिका निराळी दिसते. न्यूझीलंडच्या हार्ट फाउंडेशनने २००८ साली संधिवातजन्य झडपदोषाचे रुग्ण प्रतिजैविक द्यावयाच्या यादीत कायम ठेवले. ऑस्ट्रेलियातही आरंभी मूळनिवासी समाजातील अशा रुग्णांसाठी हीच भूमिका घेण्यात आली. युरोपच्या २०२३ च्या शिफारशींत हे रुग्ण मध्यम धोक्याच्या गटात आहेत. त्यांना सरसकट औषध देऊ नये, मात्र व्यक्तिगत परिस्थिती पाहून विचार करता येईल, असे त्यांत म्हटले आहे. मराठवाड्यातील एखाद्या दंतवैद्यासमोर बसलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्यामुळे छापील यादीतून थेट उत्तर मिळत नाही. झडपेची स्थिती, हिरड्यांचा आजार आणि होऊ घातलेला उपचार यांचा एकत्र विचार करून हृदयरोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने निर्णय घ्यावा लागतो.

या रुग्णांमध्ये एक गैरसमज आढळतो. संधिवाताचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून त्यांना दर तीन किंवा चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले जाते. वर्षानुवर्षे हे इंजेक्शन घेणाऱ्या व्यक्तीला आपण दातांच्या उपचारांच्या बाबतीतही सुरक्षित आहोत असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. या इंजेक्शनातून रक्तात राहणारी पेनिसिलिनची पातळी अल्प असते. घशातील स्ट्रेप्टोकॉकसला रोखण्यास ती पुरेशी असते, दंतोपचाराच्या वेळी रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंना ती पुरेशी नसते. शिवाय सतत पेनिसिलिनच्या संपर्कात राहिल्याने तोंडातील जिवाणू त्याला काही अंशी दाद देईनासे होतात. म्हणून अशा रुग्णाला दंतोपचारापूर्वी प्रतिजैविक द्यायचे ठरल्यास ते पेनिसिलिनच्या गटाबाहेरचे निवडतात. मासिक इंजेक्शन मात्र कोणत्याही कारणाने चुकवायचे नसते.

औषध व मात्रा

पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसलेल्या प्रौढाला अमॉक्सिसिलिनची २ ग्रॅमची एक मात्रा उपचारापूर्वी ३० ते ६० मिनिटे तोंडाने दिली जाते. बाजारात मिळणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकाच वेळी घ्याव्या लागत असल्याने रुग्ण गोंधळतात आणि त्या दिवसभरात विभागून घेतात. तसे केल्यास औषधाचा हेतूच साधत नाही, कारण जिवाणू रक्तात शिरतील त्या क्षणी रक्तातील औषधाची पातळी उच्च असावी लागते. मुलांसाठी मात्रा वजनानुसार, दर किलोग्रॅमला ५० मिलिग्रॅम अशी असते आणि ती प्रौढांच्या मात्रेपेक्षा अधिक होऊ देत नाहीत. शिफारशींमध्ये साधी अमॉक्सिसिलिन सांगितलेली आहे, क्लॅव्हुलॅनिक आम्लासह येणारी संयुक्त गोळी नव्हे.

पेनिसिलिन न चालणाऱ्या प्रौढांसाठी सेफॅलेक्सिन २ ग्रॅम, अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम अथवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम हे पर्याय आहेत. पेनिसिलिनने पूर्वी अंगावर गांधी उठल्या असतील, चेहरा सुजला असेल किंवा श्वास कोंडला असेल, तर सेफॅलेक्सिनही टाळतात. क्लिंडामायसिन हे औषध अनेक वर्षे पर्यायांच्या यादीत होते. एकाच मात्रेनंतरही आतड्याचा गंभीर दाह उद्भवल्याची उदाहरणे आढळल्याने २०२१ साली ते वगळण्यात आले. जुन्या पुस्तकांत व भिंतीवरच्या तक्त्यांत ते अजून आढळते. गिळता येत नसल्यास इंजेक्शनाचा मार्ग उपलब्ध असतो.

मात्रा घ्यायची राहून गेली आणि उपचार सुरू झाल्यावर लक्षात आले, तर उपचारानंतर दोन तासांच्या आत ती देता येते. एखाद्या कारणाने रुग्ण आधीच प्रतिजैविक घेत असेल, तर तेच औषध अधिक न देता वेगळ्या गटातील औषध निवडतात किंवा शक्य असल्यास आधीचा क्रम संपून दहा दिवस होईपर्यंत उपचार पुढे ढकलतात. अनेक दात काढायचे असल्यास फेऱ्या कमी ठेवण्याकडे कल असतो.

रक्त पातळ करणारी औषधे

धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल यांसारखे औषध आजन्म घ्यावे लागते. दात काढताना अधिक रक्तस्राव होईल या भीतीने रुग्ण अनेकदा ही गोळी आपण होऊन बंद करतो. कधी दंतवैद्यही तसे सुचवतो. यात झडपेवर गुठळी होऊन ती अडकण्याचा किंवा पक्षाघाताचा धोका संभवतो. दात काढल्यानंतरचा रक्तस्राव दाब, टाके आणि ट्रॅनेक्झॅमिक आम्लासारखी स्थानिक औषधे यांनी बहुधा आटोक्यात आणता येतो. अडकलेल्या झडपेबाबत असे म्हणता येत नाही. त्यामुळे गोळी बंद न करता आधी आयएनआर ही रक्ततपासणी करून घेतात. साध्या दंतोपचारांसाठी ती साधारणपणे ३.५ पर्यंत असेल तर उपचार करता येतात, असा प्रघात आहे. या रुग्णांना प्रतिजैविक शक्यतो तोंडाने किंवा शिरेतून देतात. स्नायूत इंजेक्शन दिल्यास आत रक्त साकळण्याची भीती असते.

दंतोपचारानंतर लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. दाढदुखीसाठी नेहमी वापरले जाणारे मेट्रोनिडाझोल वॉरफेरिनचा परिणाम बराच वाढवते. डायक्लोफेनॅक व आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा रुग्णांत वेदनेसाठी पॅरासिटामॉलला प्राधान्य देतात.

धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ असून तिच्यातील पाच-षष्ठांशांहून थोडे कमी लोक खेड्यांत राहतात. जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी असे आठ तालुके आहेत. केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या कार्यक्रमात महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत त्याचा समावेश होता. विशेष उपचारांसाठी येथील लोकांचा ओढा जिल्ह्याबाहेर असतो. परांडा व भूमकडील रुग्ण बार्शीला, कळंबकडील लातूर किंवा अंबाजोगाईला, तर उमरग्याकडील सोलापूरला जातात. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पुणे वा मुंबई गाठली जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च भागवता येत असल्याने गरीब कुटुंबांतील रुग्णांवरही ही शस्त्रक्रिया होऊ लागली आहे.

याचा एक परिणाम असा की शस्त्रक्रिया एका शहरात, महिन्याचे इंजेक्शन गावाजवळच्या आरोग्य केंद्रात आणि दाढ काढणे तालुक्याच्या ठिकाणी, अशी रुग्णाची फेरी होते. या तिघांमध्ये निरोप पोहोचवणारा दुवा म्हणजे रुग्ण स्वतः आणि त्याच्या पिशवीतील कागद. दंतवैद्याला हृदयाच्या आजाराची माहिती मिळाली नाही तर सर्व शिफारशी निरर्थक ठरतात. दातदुखीचा आणि हृदयाचा काय संबंध, असे वाटून रुग्ण ती माहिती देत नाही. विचारणाऱ्यानेही 'हृदयविकार आहे का' असे विचारल्यास उत्तर अनेकदा 'नाही' असेच येते, कारण झडपेचे ऑपरेशन झाले म्हणजे आजार गेला, अशी समजूत असते. छातीवर ऑपरेशनची खूण आहे का, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, दर महिन्याला इंजेक्शन घेता का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, असे साध्या भाषेतील प्रश्न अधिक उपयोगी पडतात. काही देशांत अशा रुग्णांना खिशात ठेवायचे सूचनापत्रक दिले जाते. शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या सुटीपत्राची प्रत आणि झडपेचे ओळखपत्र जवळ बाळगल्याने तेच काम साधते.

प्रतिबंधाची दुसरी बाजू हिरड्यांच्या आरोग्याची आहे. ग्रामीण महाराष्ट्रात, विशेषतः स्त्रियांमध्ये, भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची सवय रूढ आहे. तंबाखूने हिरड्यांचा आजार बळावतो. त्यातून रक्त येण्याचे प्रमाण मात्र तंबाखूमुळे कमी दिसू शकते, त्यामुळे आजार झाकला जातो. दात हलू लागेपर्यंत दंतवैद्याकडे न जाण्याची रीतही सर्वत्र आहे. हृदयदोष असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ही रीत महाग पडते. फ्लोराइडयुक्त पेस्ट व मऊ ब्रशने दिवसातून दोनदा दात घासणे आणि दर सहा महिन्यांनी दातांची तपासणी करून घेणे, हे उपाय प्रतिजैविकाच्या यादीत नसलेल्या हृदयरुग्णांनाही लागू पडतात. झडपेची शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर किडलेल्या दातांवरील उपचार शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे पूर्ण व्हावेत, असे युरोपीय शिफारशींत सांगितले आहे. तारीख अचानक मिळणाऱ्या सरकारी योजनेतील रुग्णाला ते साधण्यासाठी निदान झाल्याबरोबरच दंतवैद्य गाठावा लागतो. बाजाराच्या दिवशी अनोंदणीकृत व्यक्तीकडून दात उपटून घेण्याचे प्रकारही पूर्णपणे थांबलेले नाहीत. कायद्यानुसार नोंदणीशिवाय असा व्यवसाय करता येत नाही.

मुलांच्या बाबतीत एक सरकारी यंत्रणा या विषयाशी थेट जोडलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये शोधायच्या ३० आजारांच्या त्याच्या यादीत जन्मजात हृदयदोष, संधिवातजन्य हृदयविकार आणि दातांचे आजार हे तिन्ही आहेत. तपासणी पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असतात. ते अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांना वर्षातून एकदा भेट देतात. त्यामुळे एकाच मुलाच्या कार्डावर हृदयातील असामान्य आवाजाची आणि किडलेल्या दाढेची नोंद एकाच दिवशी होऊ शकते. या दोन नोंदी एकमेकींशी जोडून पाहिल्या गेल्या, तर दाढ काढण्यासाठी पाठवण्याआधी हृदयाची टू-डी इको तपासणी व्हावी, हे लक्षात येते. स्वतंत्रपणे पाहिल्यास मूल दंतवैद्याकडे आधी पोहोचते, कारण दाढ दुखते आणि हृदय दुखत नाही.

ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत ही साखळी हमखास तुटते. मराठवाड्यातील इतर भागांप्रमाणे या जिल्ह्यातूनही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेतील तपासणी याच काळात झाली तर मूल गैरहजर असते. मासिक पेनिसिलिन चालू असल्यास त्याच्या पाच-सहा मात्रा चुकतात. जाण्यापूर्वी इंजेक्शनाचे नोंदपत्र सोबत दिल्यास कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून ते चालू ठेवता येते. त्याच पत्रावर हृदयदोषाचे नाव, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे किंवा नाही आणि दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवण्याची सूचना असेल, तर परगावच्या दंतवैद्यालाही तीच माहिती मिळते.